उन्हाळ्यात मोठे पिच्चर यायलेत, ८१ वर्षांच्या आजीला घेऊन कुठं बघावा?

मांजराकाठचा

राम राम मंडळी. मार्च संपत आला की मला दरवर्षी एकच नाद लागतो, उन्हाळ्यात कोणकोणते पिच्चर यायलेत ते बघत बसायचं. हरभरा-ज्वारीची रास झालेली असती, पोरांच्या परीक्षा उरकत आलेल्या असतात, दुपारी बाहेर पाय ठेवायची सोय नसती, मग माणसानं थंड अंधारात बसून मोठ्या पडद्यावर काहीतरी भारी बघावं असं वाटणारच ना. औंदा तर १ मे ची तारीख घरातल्या कॅलेंडरवर मी आधीच गोल करून ठेवलीय. रितेश देशमुखचा राजा शिवाजी त्या दिवशीचा जाहीर झालाय, डायरेक्शन पण त्याचंच, म्युझिक अजय-अतुलचं आणि कॅमेरा संतोष सिवनचा. आपल्या लातूरच्या बाभळगावचा माणूस महाराजांवर एवढा मोठा पिच्चर करतोय म्हणल्यावर आमच्या गावात आत्तापासून चर्चा चालू झालीय.

माझी अडचण अशी आहे की औंदा मला आजीला न्यायचंय. आजी ८१ ची आहे. तिनं आयुष्यात जे काय पाच-सहा सिनेमे बघितले ते सगळे येरमाळ्याला, येडाईच्या चैत्री पुनवेच्या यात्रेत तंबू टॉकीज यायची तिथं. पालाच्या आत जमिनीवर बसायचं, पोतं घरून न्यायचं, बाया एकीकडं गडी एकीकडं, आणि रीळ बदलायच्या वेळी दिवा लागला की सगळ्यांनी एकमेकांकडं बघायचं. हे सगळं ती आजही काल घडल्यासारखं सांगती. टॉकीजच्या पक्क्या इमारतीत ती एकदाही गेली नाही. मी बारावीत असताना एकदा म्हणलं होतं की तुला तालुक्याला नेतो, मग कॉलेज, मग नोकरी, आणि मधी कोरोना. तालुक्यातली आमची टॉकीज तेव्हा जी बंद झाली ती उघडलीच नाही, आता तिथं मंगल कार्यालय आहे. मागच्या महिन्यात एका लग्नाला गेलो तर जिथं पडदा होता तिथं नवरा-नवरीचं स्टेज आणि वर भिंतीत ऑपरेटरच्या खोलीची ती दोन चौकोनी भोकं अजून तशीच. जेवताना माझं लक्ष सारखं तिकडंच जात होतं.

मागच्या उन्हाळ्यात घरच्या सात जणांना घेऊन शहरातल्या एका मल्टिप्लेक्सला मराठी पिच्चरला गेलो होतो, दुसरा आठवडा होता, तिथं गेल्यावर कळलं की तिकिटं कमी गेली म्हणून शोच कॅन्सल. पैसे परत मिळाले पण दीड तास उन्हातून आलेल्या लेकरांची तोंडं बघवत नव्हती. ह्या वेळेस आजी सोबत असताना तसं व्हायला नको.

तर सांगा, लातूरला न्यावं का अजून कुठं, कितीचा शो धरावा, आणि १ मे नंतर जून-जुलैपर्यंत अजून काय बघण्यासारखं आहे. मी कळंब तालुक्यातला आहे.

---

रातराणी_लातूर

दादा, आजींना नक्की न्या, पुढच्या वर्षावर ढकलू नका.

आधी कामाचं सांगते. एसटीनं येणार असाल तर आजींना तिकीट नाही, ७५ च्या वर फुकट आहे, फक्त आधार कार्ड सोबत ठेवा आणि कंडक्टरला चढतानाच सांगा. घरातल्या बाकी बायकांना अर्धं तिकीट आहेच. १ मे शुक्रवारी आलाय आणि सुट्टी पण आहे, त्यामुळं पहिल्या दिवशी गर्दी तुफान राहणार. आणि एक गोष्ट बाहेरच्या लोकांच्या लक्षात येत नाही, ३ मे ला रविवारी नीटची, म्हणजे डॉक्टरकीच्या प्रवेशाची परीक्षा आहे. लातूरमध्ये त्या दोन-तीन दिवसांत बाहेरगावचे पालक आणि पोरं एवढी येतात की रिक्षा मिळत नाही, हॉटेलात बसायला जागा मिळत नाही. त्यामुळं एकतर शुक्रवारी सकाळचा पहिला शो धरा नाहीतर सरळ ५-६ तारखेला या, तोवर नीटवाली पोरंपण मोकळी होतात आणि ती सगळी टोळकी टॉकीजला येतात, त्यांच्यासोबत बघायला पण मजा येती कारण दोन वर्षं दाबून ठेवलेलं सगळं त्या तीन तासांत बाहेर पडतं.

उन्हाळा आणि पिच्चर म्हणलं की मला २०१६ च आठवतं. तो उन्हाळा लातूरकर विसरूच शकत नाहीत. मांजरा धरण कोरडं, नळाला महिना महिना पाणी नाही, मार्चमध्ये पाण्याच्या टाक्यांजवळ भांडणं होऊ नयेत म्हणून जमावबंदी लावली होती. १२ एप्रिलला पहाटे मिरजेहून पाण्याची रेल्वे आली, १० टँकर आणि ५ लाख लिटर पाणी, आमच्या गल्लीतले म्हातारे लोक स्टेशनवर बघायला गेले होते. आणि त्याच महिन्याच्या २९ तारखेला सैराट लागला. मी तेव्हा बारावीची परीक्षा देऊन सीईटीची तयारी करत होते. मैत्रिणी म्हणाल्या चल, आई म्हणाली आधी टिपाड भर मग कुठं जायचं ते जा. टँकर आला रात्री साडेआठला. आम्ही चौघीजणींनी चारी घरांची टिपाडं, घागरी, हंडे, अगदी पातेली सुद्धा भरली, कपडे ओले, हात दुखायलेत, आणि तशाच माझ्या काकासोबत रात्री बाराच्या जादा शोला गेलो. झिंगाट लागलं तेव्हा खुर्चीत कोणीच नव्हतं, काका पण नाही, जे काका घरात मोठ्यानं हसत पण नाहीत. शेवटी पडद्यावरचा आवाजच बंद होतो ना, तेव्हा मागच्या रांगेतल्या एका बाईचा श्वास ऐकू यायला होता. बाहेर आल्यावर पार्किंगमध्ये कोणी बोलेना, गाड्या चालू करायचा आवाज फक्त.

पाणी नाही, परीक्षेचं टेन्शन, आणि तरी त्या वर्षीची ती एक रात्र मला सगळ्यात जवळची वाटती. म्हणून म्हणते आजींना गर्दीतच न्या, रिकाम्या शोला नेऊ नका. तीन-चार दिवसांच्या आत बघा, दुसऱ्या आठवड्यात शो कमी होतात आणि वेळा पण गैरसोयीच्या राहतात.

---

बालाघाट

एक मुद्दा लक्षात घ्या सगळ्यांनी, औंदा अधिक ज्येष्ठ आहे, १७ मे ते १५ जून धोंड्याचा महिना. म्हणजे लग्नं सगळी त्याच्या आधी उरकायची घाई, मे च्या पहिल्या दोन आठवड्यांत घरात एक तरी लग्न राहणारच, आणि १७ नंतर लग्न नाही पण जावई येणार. आमच्या घरी तर ठरलंय की दोन्ही जावई एकाच दिवशी बोलवायचे, दुपारी पुरणाचे धोंडे आणि संध्याकाळी सगळ्यांना पिच्चर. तेव्हा मांजराकाठचे भाऊ, लग्नाच्या तारखा बघूनच ठरवा, नाहीतर ऐन वेळी कोणाची तरी हळद निघते.

---

ऑपरेटर_काका

मी ३१ वर्षं झाली ऑपरेटर आहे, तालुक्याच्या टॉकीजमध्ये. तुम्ही ती भिंतीतली दोन भोकं लिहिलीत ते वाचून बरंच वेळ मोबाईल खाली ठेवला. आमच्या लोकांच्या कितीतरी टॉकीजचं तसंच झालं. जागा चौकात, इमारत मोठी, पार्किंग तयार, म्हणून मंगल कार्यालय करायला सोपं जातं.

उन्हाळ्याचं आमचं गणित सांगतो. आमच्यासाठी वर्षाचे खरे महिने दोनच, दिवाळी आणि उन्हाळा. पूर्वी नवा पिच्चर तालुक्याला पहिल्या दिवशी कधीच येत नव्हता. मुंबई-पुण्याला लागला की मोठ्या शहरात फिरून फिरून आमच्याकडं यायला दोन-तीन महिने, म्हणजे दिवाळीचा पिच्चर आमच्या पोरांनी उन्हाळ्याच्या सुट्टीत बघायचा. पत्र्याच्या पेट्यात रिळं एसटीच्या टपावरून यायची. २००० फुटाचं एक रीळ, साधारण बावीस मिनिटं चालणार, आणि मोठा पिच्चर असला की शेजारच्या गावच्या टॉकीजसोबत एकच प्रिंट. तिकडं पहिलं रीळ संपलं की पोरगं मोटरसायकलवर घेऊन निघणार, आम्ही इकडं अर्धा तास उशिरा शो चालू करायचा. मे महिन्याच्या उन्हात डोक्याला टॉवेल गुंडाळून ते पोरगं दिवसातून बारा-पंधरा चकरा मारायचं. एकदा रीळ वेळेवर आलं नाही तर पब्लिकला मधीच वीस मिनिटं इंटरव्हल दिली होती, कोणी ओरडलं नाही, सगळे चहा प्यायला गेले आणि परत येऊन बसले.

आता पिच्चर हार्ड डिस्कवर नाहीतर सॅटेलाईटनं येतो, कुलूपबंद. त्याची किल्ली वेगळी येती, तिला केडीएम म्हणतात, ती किल्ली फक्त आमच्याच मशीनला लागती आणि ठरलेल्या दिवसांपुरतीच चालती. मोठ्या पिच्चरला किल्ली गुरुवारी रात्री उशिरा येती. किल्ली लागून पहिलं चित्र पडद्यावर आलं की मगच मी जेवतो, इतक्या वर्षांत बदल नाही. ह्याचा फायदा एवढा मोठा झाला की मुंबईत ज्या दिवशी त्याच दिवशी आमच्याकडं. तोटा पण आहे, उन्हाळ्यात व्होल्टेज खालीवर झालं की हे मशीन ट्रिप होतं, जुनं कार्बनवालं मशीन ४४ डिग्रीत पण कुरकुरत नव्हतं, ह्याला स्वतःची एसी लागती. म्हणून मी एप्रिल लागला की ऑपरेटर रूमची एसी, स्टॅबिलायझर आणि जनरेटर तिन्ही तपासून घेतो.

उन्हाळा रिकामा गेला की काय होतं ते पण बघितलंय. २००९ ला निर्माते आणि मल्टिप्लेक्सवाल्यांचं पैशाच्या वाट्यावरून भांडण झालं, एप्रिल-मे दोन महिने मोठे हिंदी पिच्चरच आले नाहीत. आमच्यासारख्यांचा त्या भांडणात काही संबंध नव्हता तरी ऐन सुट्टीत दाखवायला नवीन काही नाही, जुने पिच्चर लावून दिवस काढले. आणि २०२०, २०२१ चे दोन्ही उन्हाळे तर कोरोनात कुलूपच, मधी नोव्हेंबरमध्ये अर्ध्या खुर्च्यांवर उघडलं आणि एप्रिलमध्ये परत बंद, ते थेट २२ ऑक्टोबर २०२१ ला उघडलं. मालकानं त्या काळात मला अर्धा पगार दिला आणि मी रोज येऊन मशीन अर्धा तास चालू करायचो, रिकाम्या पडद्यावर, कारण बंद ठेवलं की लेन्सला बुरशी येती.

सप्टेंबर २०२५ पासून १०० रुपयांपर्यंतच्या तिकिटावर जीएसटी १२ वरून ५ टक्के झालाय. एसीचं बिल आहेच, पण आमच्यासारख्यांना थोडा श्वास मिळाला. म्हणून सांगतो, तुमच्यापासून तासाभरात आमची टॉकीज आहे, चालू आहे, नाव इथं लिहीत नाही, तुम्हाला मेसेज केलाय. १ मे ला किल्ली मिळाली की सकाळी ९ पासून पाच खेळ लावायचा विचार आहे. आमच्याकडं दहा माणसं आली तरी शो होतो, आजवर तिकीट फाडून परत पाठवलेलं नाही.

---

धर्माबादी_मिरची

काकांचं वाचून लई भारी वाटलं. मी सीमेवरचा, आमच्या घरात अर्धं मराठी अर्धं तेलुगू. आमच्या इकडं धर्माबाद, बिलोली, देगलूर भागात उन्हाळ्याचा पिच्चर म्हणजे रेल्वेत बसायचं, बासर गेलं की निजामाबाद, तिथं बघून रात्रीच्या गाडीनं परत. २८ एप्रिल २०१७ ला बाहुबलीचा दुसरा भाग आला तेव्हा आम्ही एकाच डब्यात चाळीस जण होतो आणि सगळे एकमेकांना तेच विचारूलाले की कटप्पानं का मारलं. दोन वर्षं लोकांनी उत्तराची वाट बघितली होती हो, आता कोणी दोन दिवस पण थांबत नाही. २०२२ ला १४ एप्रिलला केजीएफचा दुसरा भाग आला तेव्हा पण तसंच, पण तो मी नांदेडला बघितला, हिंदीत.

माझं म्हणणं एवढंच की मोठा पिच्चर सिंगल स्क्रीनला बघा. मल्टिप्लेक्सची खुर्ची मऊ असती, आवाज चांगला असतो, मान्य आहे, पण हिरो पहिल्यांदा पडद्यावर येतो तेव्हा सहाशे माणसं एकदम उठली की छातीत जे होतं ते दोनशे खुर्च्यांच्या हॉलमध्ये होत नाही. महाराजांवरचा पिच्चर असल्यावर तर घोषणा होणारच, मागच्या वर्षी फेब्रुवारीत छावाला काय झालं ते सगळ्यांनी बघितलं. फक्त आजीबाईंना आवाजाचा त्रास होऊ नये म्हणून स्पीकरपासून लांब, मधल्या रांगेत बसवा, आणि कानात घालायला थोडा कापूस जवळ ठेवा. माझ्या आईला मी तसंच करतो.

---

पानचक्की

मी संभाजीनगरहून. जून-जुलैचं कोणी सांगितलं नाही म्हणून लिहितो, मी इंग्लिश पिच्चरचा माणूस आहे.

आपला उन्हाळा आणि अमेरिकेचा उन्हाळा एक नाही हे आधी समजून घ्या. त्यांच्याकडं सीझन मे च्या सुरुवातीला चालू होतो आणि सप्टेंबर लागेपर्यंत चालतो, कारण त्यांच्या शाळांची सुट्टी तेव्हा असते. पूर्वी तिकडं उन्हाळा म्हणजे पडेल पिच्चरचे दिवस समजायचे, लोक समुद्रावर जातात टॉकीजला कोण येणार म्हणून. २० जून १९७५ ला स्पीलबर्गचा जॉज आला, शार्कचा, तो एकदम ४०० च्या वर टॉकीजला लावला आणि टीव्हीवर जोरदार जाहिरात केली, आणि पब्लिक समुद्र सोडून टॉकीजच्या लाईनीत उभं राहिलं. दोन वर्षांनी २५ मे १९७७ ला स्टार वॉर्स. तेव्हापासून सगळे मोठे पिच्चर तिकडं उन्हाळ्यातच. आपल्याकडं मात्र ते येतात तेव्हा शाळा चालू झालेल्या असतात आणि आपण पेरणीच्या गडबडीत. औंदा नोलनचा ओडिसी १७ जुलैला जाहीर आहे आणि नवा स्पायडरमॅन ३१ जुलैला, आता आषाढी एकादशी २५ जुलैला, म्हणजे दोन्हीच्या बरोबर मधी. माझे वडील वारीला जातात, त्यांना सोडायला पंढरपूरला जाणार आणि तसाच पुढं पुण्याला जाऊन ओडिसी बघणार असं माझं ठरलंय. पुण्याला कशासाठी तर तो अख्खा पिच्चर आयमॅक्सच्या, म्हणजे लई मोठ्या पडद्यासाठीच्या फिल्म कॅमेऱ्यावर शूट केलाय आणि आयमॅक्सचा पडदा आपल्या मराठवाड्यात एकही नाही. एवढ्या आठ जिल्ह्यांत एक पडदा नसावा ह्याचं मला खरंच वाईट वाटतं, इथं बघणारे लोक आहेत, दर वर्षी आम्ही गाडी भरून पुण्याला जातो.

अजून एक मनातलं. २०२३ च्या जूनमध्ये स्पायडरमॅनचा ॲनिमेशनवाला पिच्चर मराठीत पण डब होऊन आला होता. माझी भाची तेव्हा दुसरीत, ती सगळ्या पिच्चरमध्ये एकदाही हे काय म्हणाला ते काय म्हणाला विचारत बसली नाही, पहिल्यांदा. पण मराठीचे शो थोडेच होते आणि लोकांना माहीतच नव्हतं. मोठ्या पिच्चरचं मराठी डब जर नियमित यायला लागलं तर खेड्यातली लेकरं आणि आज्या दोघं पण हे पिच्चर बघतील, हे मी लिहून देतो.

---

मांजराकाठचा

सगळ्यांचे मनापासून आभार, एवढं कोणी सांगेल असं वाटलं नव्हतं. रातराणी ताई, तुमचं टिपाडाचं आजीला वाचून दाखवलं, ती म्हणाली ७२ च्या दुष्काळात आम्ही खडी फोडायला जायचो तेव्हा पण येडाईच्या यात्रेला गेलोच होतो, आणि मग बराच वेळ तेच सांगत बसली.

ठरलं असं की शनिवारी २ मे ला काकांच्या टॉकीजला जायचं, १ तारखेला चुलत भावाचं लग्न निघालं, बालाघाट भाऊ तुम्ही म्हणलात तसंच झालं. आम्ही एकूण अकरा जण आहोत, टमटम सांगितलीय, सकाळचाच शो म्हणजे ऊन चढायच्या आत पोचतो आणि दुपारी तिथंच कुणाकडं तरी जेवण करून चार वाजता निघतो. आजीनं पोतं न्यायचं का विचारलं, म्हणलं खुर्च्या आहेत.

काका, एकच विचारायचं राहिलं. तिचे गुडघे दुखतात, जिने चढता येत नाहीत. बाल्कनीचं तिकीट नको ना मग?

---

ऑपरेटर_काका

बाल्कनी नको, तिला चौदा पायऱ्या आहेत. खाली मधल्या ब्लॉकच्या आठव्या रांगेच्या कडेच्या खुर्च्या अकरा जणांसाठी लावून ठेवतो, कूलरचा झोत तिथं अंगावर येत नाही आणि बाथरूम पण डाव्या दारातून जवळ आहे. समोरच्या गेटला दोन पायऱ्या आहेत म्हणून बाजूच्या गेटनं या, गाडी अगदी दारापर्यंत येती, तिथून आत सपाट आहे. साडेआठला या. शो चालू व्हायच्या आधी आजींना तिथून पडदा दिसतो का बघायला मी खाली येईन, आणि इंटरव्हलला त्यांना मशीन बघायची इच्छा असली तर दोन पोरांनी खुर्चीवर बसवून वर आणता येईल, तशी खुर्ची आहे आमच्याकडं.